घराला अलार्म आणि कॅमेरे लावण्याआधी

(आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. नंतर बऱ्याच जणांनी फोन करून माहिती विचारली, म्हणून स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे.)



मी वक्ता नाही. सरकारी इमारतींच्या वीजकामाची मापं घ्यायची आणि मेजरमेंट बुक भरायचं, हे माझं रोजचं काम. डिप्लोमा केला तेव्हा कॅमेरे अभ्यासक्रमात नव्हते. ते नोकरीत आल्यावर शिकलो. त्यामुळे सचिवांनी जेव्हा सांगितलं, ‘तुम्ही कॅमेऱ्यांवर बोला, तुम्हाला त्यातलं कळतं,’ तेव्हा मी त्यांना म्हटलं, कळतं म्हणून नाही, पण माझ्याच घरी चोरी झाली म्हणून बोलतो. चार कॅमेरे लावलेले असताना झाली.

ते आधी सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यात दादाच्या मुलाची मुंज होती, पुण्याला. आम्ही सगळे, आईसुद्धा, नऊ दिवस घर बंद ठेवून गेलो. इंदूरच्या आपल्या मराठी घरांचं हे ठरलेलंच आहे. मे महिना आला की लग्नं-मुंजी पुण्या-मुंबईला, दिवाळीत मुलाकडे, आणि दाराला बाहेरून हे एवढं मोठं पितळी कुलूप. ते कुलूप रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतं की आत कोणी नाही.

पुण्यात मी रोज रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर घर बघत होतो. फाटक दिसत होतं, पोर्च दिसत होतं, कडुलिंबाची फांदी हलत होती. सगळ्यांना कौतुकाने दाखवतही होतो. आठव्या दिवशी सकाळी समोरच्या काकूंचा फोन आला की मागचं स्वयंपाकघराचं दार उघडं दिसतंय.

चोर मागच्या अंगणातून आला होता. कोयंडा कशाने तरी उपसून काढलेला. माझे चारही कॅमेरे पुढच्या बाजूला होते, कारण लावणारा मुलगा म्हणाला होता, ‘साहेब, पुढून घर छान कव्हर होतं.’ तरी जाताना तो फाटकातूनच गेला असणार, म्हणून आल्या आल्या रेकॉर्डिंग काढायला बसलो. रेकॉर्डिंग नव्हतंच. त्या रात्रीचं नव्हतं, त्या महिन्याचं नव्हतं. हार्ड डिस्क मार्चमध्येच बंद पडली होती.

आता यातली लाजेची गोष्ट ऐका. मार्चमध्ये आई मला दोनदा म्हणाली होती, ‘अरे, ते यंत्र टीं टीं ओरडतंय.’ डिस्क खराब झाली की डीव्हीआर असं ओरडतो. मी ऑफिसमधून दमून आलो होतो. लावणाऱ्या मुलाला फोन केला, त्याने मेनूत जाऊन बझर कसा बंद करायचा ते सांगितलं, आणि मी तो बंद केला. आवाज थांबला, आई गप्प झाली, मी झोपलो. मोबाइलवर थेट चित्र दिसायला डिस्क लागत नाही. त्यामुळे पुढचे दोन महिने मला रोज चित्र दिसत होतं आणि एका क्षणाचीही नोंद होत नव्हती. दुसऱ्याच्या इमारतीचं काम तपासताना मी असल्या चुकीवर ठेकेदाराचं बिल अडवलं असतं.

गेलं काय? पैसे फार नव्हते. महालक्ष्म्यांचे मुखवटे पितळी होते, ते तसेच कपाटात राहिले. पण त्यांच्या अंगावर घालायची माझ्या आजीची ठुशी, नथ, चांदीचं तबक आणि दोन समया गेल्या. बँकेत लॉकर होतं. ‘भाद्रपद काय, आलाच,’ म्हणून त्या वस्तू परत ठेवायच्या राहिल्या होत्या. त्या वर्षी आईने महालक्ष्म्यांना बाजारातली खोट्या मोत्यांची नथ घातली आणि त्या तीन दिवसांत ती फार कमी बोलली.

म्हणून आज मी तुम्हाला कोणता कॅमेरा घ्या हे सांगणार नाही. कोणता घ्यायचा हा शेवटचा प्रश्न आहे. जेल रोडच्या किंवा महाराणी रोडच्या दुकानात पाय ठेवण्याआधी घरी बसून एका कागदावर काय करायचं, तेवढंच सांगतो.

घराचा नकाशा काढा. सुंदर नको, मुलांच्या वहीच्या पानावर चालेल. खोल्या, दारं, खिडक्या, गच्चीचा जिना, मागचं अंगण, भिंतीला लागून असलेलं शेजारचं अर्धवट बांधकाम. मग रात्री अकरा वाजता टॉर्च न घेता घराभोवती एक चक्कर मारा आणि मीच चोर असतो तर कुठून आलो असतो, हे स्वतःला विचारा. मी चोरीनंतर ही चक्कर मारली. मागच्या भिंतीला शेजाऱ्यांनी टाकलेल्या विटांचा ढीग होता, त्यावर पाय ठेवून आमच्या अंगणात उतरायला मला, या पोटासकट, अर्धा मिनिट लागला. तिथे दिवा नव्हता. स्वयंपाकघराचं दार जुनं, आणि कोयंडा दीड इंची स्क्रूने लाकडात बसवलेला. चाळीस हजारांचे कॅमेरे एका बाजूला आणि तो स्क्रू दुसऱ्या बाजूला.

आपल्या जुन्या वाड्यांना दिंडी दरवाजा असायचा, आतून जाडजूड आडवा अडसर असायचा. आपल्या पूर्वजांनी दाराला मान दिला होता. आपण सगळा खर्च ग्रॅनाइटवर करतो आणि मागच्या दाराला फ्लश डोअर लावतो. तेव्हा नकाशात पहिला खर्च दारांचा लिहा. कोयंडा आरपार बोल्टने बसवा, नट आतून. बाहेर लोंबणाऱ्या कुलपाऐवजी दाराच्या आत बसणारं कुलूप लावा, म्हणजे घर बंद आहे की माणसं आत आहेत, ते बाहेरून कळत नाही. मागे एक दिवा लावा, अंधार पडल्यावर आपोआप लागणारा. एवढं झालं की मग विजेच्या वस्तूंकडे या.

त्यातही आधी अलार्म, नंतर कॅमेरा. लोक उलटं करतात. कॅमेरा चोरी झाल्यावर काय झालं ते सांगतो. अलार्म चोरी होत असताना सांगतो.

घरच्या अलार्मचे भाग तीन-चारच असतात. दारावर चुंबकाचा सेन्सर: एक तुकडा चौकटीवर, दुसरा दारावर, दोघं लांब गेले की सर्किट तुटतं. लोखंडी दार असेल तर त्यासाठी वेगळा, मोठ्या चुंबकाचा सेन्सर मिळतो तोच मागा, कारण लोखंड चुंबकाचा जोर खातं आणि साधा सेन्सर एक तर कधीच वाजत नाही किंवा वाटेल तेव्हा वाजतो. दुसरा हालचाल ओळखणारा सेन्सर, दुकानदार त्याला पीआयआर म्हणतात. तो डोळ्याने बघत नाही, अंगाची उष्णता बघतो. मागची भिंत थंड आणि समोरून जाणारा माणूस गरम, हा फरक त्याला कळतो. आता विचार करा, आपल्याकडे मे महिन्यात बंद घराच्या भिंतीच माणसाइतक्या तापलेल्या असतात. तेव्हा हा सेन्सर मंद होतो. नेमके त्याच महिन्यात आपण पुण्याला! म्हणून फक्त त्याच्या भरवशावर राहू नका, दारांवर चुंबकाचे सेन्सर हवेतच. तो सात-साडेसात फुटांवर, खोलीच्या कोपऱ्यात लावा. समोरून सरळ त्याच्याकडे येणाऱ्या माणसापेक्षा त्याच्यासमोरून आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो. खिडकीकडे, एसीकडे तोंड करून लावू नका. आणि त्याच्या काचेवरून पाल फिरली तर रात्री दोनला सगळी गल्ली जागी होते, हे गृहीत धरा.

तिसरा भाग भोंगा, म्हणजे हूटर. चौथा म्हणजे डबा, ज्यात सिमकार्ड आणि बॅटरी असते आणि तो ठरवलेल्या नंबरांवर फोन लावतो. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. सिमचं रिचार्ज संपतं. कोणी त्या नंबरावरून बोलत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि अलार्म बिचारा मुका होतो. दुसरं, बॅटरी. तिचं आयुष्य तीन-चार वर्षांचं असतं, ती बदलावी लागते हे विकताना कोणी सांगत नाही. चोराने बाहेरचा मेन स्विच पाडला तर सगळी भिस्त तिच्यावर असते.

पण अलार्ममधला खरा भाग दुकानात मिळत नाही. वाजल्यावर येणार कोण? डब्यात चार-पाच नंबर भरता येतात. बहुतेक घरांत पहिला नंबर मुलाचा, तो बेंगळुरूला. दुसरा मुलीचा, ती न्यू जर्सीला. तिसरा आपलाच, आणि आपण इंदूर-पुणे गाडीत, नेटवर्क नाही. माझ्याकडे आता पहिला नंबर समोरच्या काकूंच्या मुलाचा आहे, दुसरा डावीकडच्या शर्माजींचा. दादा पुण्याचा, तो चौथा. मी त्या दोघांना घरी चहाला बोलावलं, भोंगा वाजवून दाखवला आणि स्पष्ट सांगितलं की तुम्ही आत शिरायचं नाही, दिवे लावायचे, गच्चीवरून ओरडायचं आणि ११२ ला फोन करायचा. भोंगा वाजवून दाखवणं फार महत्त्वाचं आहे. नाहीतर लोक ‘कोणाची तरी गाडी ओरडतेय’ म्हणून कूस बदलतात. लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, आपल्या वसाहतींत शेजारधर्म अजून आहे. फक्त त्याला काम काय ते नेमून द्यावं लागतं.

आता कॅमेरे.

दुकानदार तुम्हाला विचारेल, ‘चार लावायचे की आठ?’ तुम्ही त्याला उलट विचारा, ‘फाटकातून आलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येईल का?’ कॅमेऱ्यात माणूस दिसणं वेगळं आणि ओळखू येणं वेगळं. थोडं गणित करू. नेहमीच्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. अनोळखी माणसाचा चेहरा नक्की ओळखायचा तर एका मीटरच्या रुंदीत सुमारे २५० ठिपके हवेत, असं युरोपातलं मानक आहे आणि जगभर तेच धरतात. १९२० ला २५० ने भागा. पावणेआठ मीटर, म्हणजे साधारण २५ फूट. चित्रात २५ फुटांपेक्षा जास्त रुंद जागा आली की चेहरा पुसट व्हायला लागतो. नेहमीची रुंद लेन्स ही रुंदी बारा-पंधरा फुटांवरच पकडते. म्हणजे पोर्चच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यातून तीस फुटांवरच्या फाटकात कोणीतरी उभं आहे एवढंच कळेल. ते तर कुत्रं भुंकलं तरी कळतं. फाटकासाठी ६ मिलिमीटरची अरुंद लेन्स घ्या, ती पंचवीस फुटांपर्यंत चेहरा देते. जास्त जागा दिसते ती लेन्स चांगली, हा समज डोक्यातून काढून टाका.

उंचीचंही तेच. ‘हात पुरू नये’ म्हणून तेरा-चौदा फुटांवर कॅमेरा ठोकतात. मग त्यात टोप्या आणि टकलं दिसतात. निदान एक कॅमेरा असा हवा की ज्याच्यासमोरून प्रत्येकाला जावंच लागतं, आणि तो आठ-नऊ फुटांवर हवा. पूर्वेकडे तोंड करून लावला तर सकाळचं ऊन भिंगात शिरतं आणि माणूस काळी सावली होतो. रात्री कॅमेऱ्याचे न दिसणारे दिवे लागतात. जवळ पांढरी भिंत असेल तर त्यांचा उजेड तिच्यावरून परत येतो आणि चित्रात फक्त धुकं. पावसाळ्यात त्या उबेला कोळी जाळं विणतो. महिन्यातून एकदा लांब केरसुणी फिरवणं हीच त्याची सर्व्हिसिंग. आणि त्या कडुलिंबाच्या फांदीने मला एकेका रात्री शंभर-दीडशे सूचना पाठवल्या, म्हणून मी मोबाइलवरच्या सूचना बंद केल्या होत्या. फांदी छाटायची सोडून मी सूचना छाटल्या.

वायरिंगचं मी जास्त बोलत नाही, नाहीतर ऑफिस सुरू होईल. दोनच गोष्टी. वायर पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर लांब टाकली की व्होल्टेज पडतं. दिवसा कॅमेरा चालतो आणि रात्री बंद पडतो, अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि कॅमेरा बदलतात. कॅमेऱ्यात काही खोट नसते. रात्री त्याचे दिवे लागले की जास्त करंट लागतो आणि तेवढा पोहोचत नाही. दुसरं, डीव्हीआर आणि वायफायचा राउटर, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. डीव्हीआर टीव्हीखाली शोभेला ठेवू नका. चोर आता टीव्हीबरोबर तोही उचलून नेतात. आमचा आता धान्याच्या कोठीमागच्या जाळीच्या कपाटात आहे. हवा मिळते आणि दिसत नाही.

किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, हा प्रश्न मी कोणाही गिऱ्हाइकाला विचारताना पाहिलेला नाही. चार कॅमेरे बऱ्यापैकी चित्र साठवत असतील तर दर सेकंदाला सुमारे एक मेगाबाइट लागतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे रोज ८६ जीबी. एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि मग सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहायला लागते. तुम्ही महिनाभर अमेरिकेला गेलात आणि चोर तिसऱ्या दिवशी आला, तर तुम्ही परत येईपर्यंत तो पुसला गेलेला असतो. लांब प्रवास करणाऱ्यांनी दोन किंवा चार टीबीची, आणि कॅमेऱ्यांसाठी बनवलेली डिस्क घ्यावी. जुन्या कॉम्प्युटरमधली काढून बसवली की ती चोवीस तासांच्या लिहिण्याने लवकर दमते. माझी तीच होती. लावणाऱ्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पासवर्डबद्दल. लावणारा मुलगा जाताना सोपा पासवर्ड ठेवून जातो, बहुतेक १२३४५ असतं किंवा घरमालकाचा मोबाइल नंबर, आणि तो त्याच्याही मोबाइलमध्ये राहतो. म्हणजे तुमचं घर त्यालाही दिसत असतं. तो गेला की त्याच दिवशी बदला आणि डायरीत लिहा. नवा कॅमेरा घेताना डब्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघा. कॅमेऱ्यांच्या सायबर सुरक्षेची चाचणी केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून सक्तीची केली आहे; जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

आता जरा नाजूक विषय. इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरात तो असणार, म्हणून बोलतो.

चोरीनंतर दादा पुण्याहून आला. त्याला वाईट वाटलं होतं, घरातली सगळी त्याच्याकडे आली असताना हे झालं म्हणून. त्याने हॉलमध्ये एक वायफाय कॅमेरा लावला, मान फिरवणारा, बोलणारा. आम्ही दोघं नवरा-बायको ऑफिसात, मुलगी कॉलेजात, आई दिवसभर एकटी. दादाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एकदा दुपारी आई पोहे निवडत बसली होती आणि भिंतीतून आवाज आला, ‘आई, गोळी घेतलीस का?’ तिच्या हातातलं सूप खाली पडलं. दादाला वाटलं तिला आनंद होईल.

त्यानंतर मला हळूहळू दिसायला लागलं की आई हॉलमध्ये बसत नाही. दुपारी केस मोकळे सोडून तेल लावायची, ते बंद. जमिनीवर पथारी टाकून पडायची, तेही बंद. दिवसभर आतल्या खोलीत. एके दिवशी मी आलो तर त्या कॅमेऱ्यावर तिने क्रोशाचा रुमाल टाकलेला. दादाचा फोन आला, ‘काही दिसत नाहीये, बघ रे.’ मी आईला विचारलं. ती म्हणाली, ‘चोर एका रात्री आला आणि गेला. हा दिवसभर असतो.’

मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर तोवर तिला कोणी विचारलंच नव्हतं. चोरी तिच्या घरात, दागिने तिच्या सासूचे, आणि नकाशा आम्ही दोघा भावांनी तिच्या डोक्यावरून काढला.

मग आम्ही तिघं बसलो, दादा फोनवर. आईला विचारलं, तुला भीती कशाची वाटते? ती चोराचं नाव घेईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, दुपारी बेल वाजते त्याची. कोणी ‘गॅसची नळी तपासायला आलो’ म्हणतो, कोणी ‘बँकेतून आलो’ म्हणतो, आणि दार उघडल्याशिवाय तिला दिसत नाही कोण आहे. आणि दुसरं, न्हाणीघरात पडले तर कोणाला हाक मारू? या दोन्हींपैकी एकाचंही उत्तर हॉलमधल्या त्या कॅमेऱ्यात नव्हतं.

तो काढला. बेलच्या जागी कॅमेऱ्याची बेल लावली. आईच्या पलंगाशी पडदा आहे, बटण दाबून ती आतूनच विचारते, ‘कोण हो?’ दाराला साखळी बसवली. न्हाणीघरात कमरेच्या उंचीवर आणि पलंगाशी एकेक बटण, ते दाबलं की समोरच्या काकूंकडे बेल वाजते. हे सगळं मिळून त्या चार कॅमेऱ्यांच्या निम्म्या खर्चात झालं. बाहेरचे कॅमेरे ठेवले, पण आता दोन पुढे आणि दोन मागे. घराच्या आत एकही नाही.

एकत्र वाड्यात राहणाऱ्यांना कायद्याचंही सांगून ठेवतो. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दोन भावांच्या वादात असं म्हटलं की एकत्र राहत्या जागेत, तिथे राहणाऱ्या दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणं हा त्याच्या खासगीपणावर घाला आहे. भावाभावांत वाटणी झाली नसेल आणि चौकात कॅमेरा लावायचा असेल, तर आधी विचारा. शेजाऱ्याच्या खिडकीत किंवा न्हाणीघराच्या झरोक्यात कॅमेरा बघत असेल तर तो वळवा. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा तेवढा भाग काळा करायची सोय असते. कामाला येणाऱ्या बाईलाही सांगा की इथे कॅमेरा आहे. तिचाही मान असतो.

आणि देव न करो, पण चोरी झालीच तर डीव्हीआरला हात लावू नका. मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर टाकतात आणि मूळ रेकॉर्डिंगकडे दुर्लक्ष करतात. कोर्टात मूळ नोंद आणि तिच्यासोबतचं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते दिलं आहे. पोलीस येईपर्यंत फक्त एक करा: डीव्हीआरचं घड्याळ आणि खरं घड्याळ यांत किती मिनिटांचा फरक आहे, तो कागदावर लिहून ठेवा.

आमच्याकडे रेकॉर्डिंग तपासायची जबाबदारी आता माझ्याकडे नाही. ती आईने मागून घेतली. दर संकष्टीला, चंद्रोदयाची वाट बघत बसलेली असते तेव्हा, ती मुलीला हाताशी घेऊन डीव्हीआर उघडते आणि आदल्या दिवशीची सकाळ चालवून बघते. चारही कॅमेऱ्यांत चित्र चालतं की नाही, वेळ बरोबर आहे की नाही. मग सिमवर एक फोन लावून बघते. बझर मी पुन्हा चालू केला आहे आणि तो बंद कसा करायचा ते तिने मला सांगू दिलेलं नाही. गेल्या संकष्टीला तिने चोर नाही, पण दूधवाल्याला पकडलं. रोज ‘साडेसहालाच आलो होतो, तुम्ही झोपला होतात’ म्हणायचा. येतो सात वाजायला दहा कमी असताना.

घराचा नकाशा कसा काढायचा, त्याचा एक नमुना मी हाताने काढून आणला आहे, मागच्या टेबलावर पन्नास प्रती ठेवल्या आहेत. घरी नेऊन भरा. एखाद्या रविवारी कोणाला दाखवावासा वाटला तर मी सकाळी दहापर्यंत घरी असतो.